घर गहाण टाकून खाजगी विद्यापीठ? आधी हिशेब करा!

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक नवी स्पर्धा सुरू होते. कोणाच्या मुलाने कुठल्या खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतला, फी किती भरली, कॅम्पस किती एकरांचा आहे, याची चर्चा रंगते. पूर्वी लग्नाच्या मांडवावरून घराची पत ठरायची, आता ती पोराच्या फीवरून ठरू लागली आहे. व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांच्या फोटोसह अभिनंदनाचे मेसेज फिरतात आणि त्याच आठवड्यात बाप घराचे कागद घेऊन बँकेच्या बाकड्यावर बसलेला असतो.

या विषयावर आपल्या चळवळीत फारसे कोणी बोलत नाही. बोलले की लगेच उत्तर येते, "शिक्षणाच्या आड येता का? बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ना?" होय, शिकायलाच सांगितले. पण शिक्षण आणि शिक्षणाचे दुकान यातला फरक ओळखायलाही त्यांनीच शिकवले. म्हणून मी माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. ज्या खाजगी विद्यापीठाची जास्तीची फी कुठलीही शिष्यवृत्ती भरत नाही आणि ती भरण्यासाठी राहते घर, गावची जमीन किंवा पोराची पुढची दहा वर्षांची कमाई गहाण ठेवावी लागते, ते विद्यापीठ आपल्यासाठी तेवढ्या किमतीचे नाही. आणि या सौद्यातले सर्वात मोठे नुकसान पैशाचे नाही. ते कशाचे आहे, हे पुढे सांगतो. पण आधी पैशाचेच बोलू, कारण बँक भावनेवर चालत नाही.

कागद-पेन घ्या

समजा, वडील एसटीत वाहक आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलीला इंजिनिअरिंग करायचे आहे. पुण्या-मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठाची फी वर्षाला चार लाख आहे. चार वर्षांचे झाले १६ लाख. होस्टेल, मेस, लॅपटॉप यात धरलेलेच नाही. साडेसात लाखांच्या पुढचे शैक्षणिक कर्ज म्हटले की बँक सर्वसाधारणपणे तारण मागते, म्हणून घर गहाण जाते.

आता व्याज. दरवर्षी चार लाख उचलले आणि व्याजदर ११ टक्के धरला, तर शिक्षण संपून एक वर्षाची सवलत संपेपर्यंत साध्या व्याजानेच सहा लाखांवर रक्कम चढते. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर २२ लाखांच्या वर कर्ज असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता येतो साडेतीस हजारांच्या आसपास. दहा वर्षांत बँकेला जातात साडेछत्तीस लाख.

आणि पगार? मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून घाऊक भरती करतात, तेव्हा नवख्या इंजिनिअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. हातात पंचवीस-सव्वीस हजार पडतात. हप्ता साडेतीस हजारांचा आणि पगार सव्वीस हजारांचा! राहिलेले साडेचार हजार कोण भरणार? पुण्यात खोलीचे भाडे कोण देणार? तर तोच वाहक बाप, निवृत्तीला आलेला.

दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही मांडू. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, रसायन तंत्रज्ञानासाठी माटुंग्याचे आयसीटी, शिवाय कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला कॅप फेरीतून प्रवेश मिळाला आणि घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्यापुढे असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची राज्याची योजना आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. म्हणजे इतरांसाठी "जास्तीचा खर्च" हा दोन फींमधला फरक असतो. आपल्यासाठी मात्र जवळजवळ सगळी फी हाच जास्तीचा खर्च आहे. ज्यांना दोन्हीकडे फी भरायचीच आहे त्यांचा हिशेब उसना घेऊन आपण निर्णय करतो, ही पहिली चूक.

कॉलेजचे विद्यापीठ झाले म्हणजे काय झाले?

दुसरी चूक शब्दांची आहे. "खाजगी कॉलेज" आणि "खाजगी विद्यापीठ" हे आपल्या लोकांना एकच वाटते. ते एक नाही.

२००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली आणि कलम १५(५) आले. अल्पसंख्याक संस्था सोडून सर्व खाजगी शिक्षणसंस्थांत आरक्षणाचा कायदा करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. महाराष्ट्राने २००६ मध्येच खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी तसा कायदा केला. सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात आपली मुले कॅपमधून, राखीव जागेवर, शिष्यवृत्तीसह शिकली, ती या चौकटीमुळे.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक नामांकित कॉलेज या चौकटीतून उठून स्वतंत्र विद्यापीठ बनले. कोथरूडची एमआयटी २०१७ साली विद्यापीठ झाली, विद्याविहारची सोमय्या २०१९ साली. इमारत तीच, गेट तेच, रिक्षावाला सांगतो ते नावही तेच. पण प्रवेश आणि फी ठरवण्याची मोकळीक वाढते आणि सरकारी योजनांची दारे बंद होऊ लागतात. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काढून वाचा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी माफी देणारा हा निर्णय. त्याचे भरपूर ढोल वाजले. त्यातच कंसात लिहिले आहे की खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून. मोठ्या भावाने ज्या गेटमधून शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले, त्याच गेटवर धाकट्या बहिणीला पूर्ण फी मागितली जाते, ती अशी.

आणि केंद्र? कलम १५(५) येऊन वीस वर्षे होत आली. २००६ चा केंद्रीय कायदा फक्त केंद्रीय संस्थांपुरता राहिला. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, म्हणजे न्यायालयाची अडचणही उरली नाही. २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने खाजगी उच्च शिक्षणसंस्थांत आरक्षणाचा कायदा करा, अशी शिफारस केली. तरी देशभराचा कायदा झालेला नाही. या संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीच्या नावाने चालतात, आयकरात सवलत घेतात. जनतेचा पैसा घेताना त्या सार्वजनिक असतात, जनतेच्या पोरांना जागा द्यायची वेळ आली की खाजगी होतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच तर मांडले होते की पैसा रयतेचा आणि उच्च शिक्षण वरच्यांचे.

"पण तिथे प्लेसमेंट असते!"

असते. पण कोणाची? जाहिरातीत एकाच मुलाचा फोटो आणि त्याखाली पन्नास लाखांचे पॅकेज असते. बाकीच्यांचे काय झाले, हे विचारायची आपल्याला सवय नाही. ती लावून घ्या. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. त्यात किती मुले पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे असते. मध्यक म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणारा पगार. सर्वात मोठा पगार जाहिरातीचा असतो, मधला पगार तुमच्या मुलीचा असण्याची शक्यता जास्त. त्याच पीडीएफमध्ये सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती आणि पूर्ण फी परत मिळालेले किती, याचेही रकाने आहेत. ते आकडे बघितले की ब्रोशरमधला "समावेशक कॅम्पस" कसला, ते कळते.

राहिला प्रश्न ओळखींचा. महागड्या संस्थेत ओळखी होतात, हे खरे आहे. पण ओळख कामाला येते ती घराच्या जोरावर. ज्याच्या मामाची फर्म आहे, त्याला इंटर्नशिपसाठी कॅम्पस निमित्तमात्र असते. ज्याच्या घरातून कोणीच त्या वर्तुळात नाही, त्याला चार वर्षे त्याच कँटीनमध्ये बसूनही ते वर्तुळ मिळेलच, याची हमी फीच्या पावतीवर लिहिलेली नसते.

"आमच्याच पोरांनी सरकारी बाकावर का बसायचे?"

हा सर्वात टोकदार प्रश्न आहे आणि तो स्वाभिमानातून येतो, म्हणून त्याला टाळता येत नाही. "त्यांची पोरं एसी वर्गात आणि आमची गळक्या छपराखाली, हे आम्ही का मान्य करायचे? बाबासाहेब कोलंबियात गेले नाहीत का?"

गेले. कोलंबिया खाजगीच आहे. पण ते कसे गेले, ते पूर्ण सांगा. १९१३ साली गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. १९१७ मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. करारासाठी बडोद्यात रुजू झाले, तर तिथे राहायला साधी खोली मिळाली नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, उरलेल्या तुटीसाठी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. क्रम बघा. आधी शिष्यवृत्ती, मग स्वतःची बचत, मग समाजाच्या हितचिंतकाची मदत आणि सर्वात शेवटी कर्ज, तेही तुटीपुरते. आपण हा क्रम उलटा केला आहे. आधी कर्ज, मग शिष्यवृत्तीची चौकशी!

आणि परत आल्यावर त्यांनी काय केले? १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात उभे राहून खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त करा, अशी मागणी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये मराठवाड्यात मिलिंद. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग ठेवले, कारण मुलगा दिवसा नोकरी करतो हे त्यांना माहीत होते. महागडे शिक्षण स्वतः घेतलेल्या माणसाने आयुष्यभर शिक्षण स्वस्त करण्याचे काम केले. कोलंबियाचे उदाहरण द्यायचे तर हेही द्या.

सरकारी बाकाची लाजही सोडा. बाबासाहेब बी.ए. झाले ते एल्फिन्स्टनमधून, शिकवले सिडनहॅममध्ये, १९३५ मध्ये प्राचार्य झाले ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे. तिन्ही संस्था आजही सरकारी आहेत, आजही मुंबईत आहेत. लाखोंची फी असलेल्या खाजगी लॉ स्कूलचे फॉर्म भरणाऱ्या आपल्या किती मुलांनी चर्चगेटच्या त्या लॉ कॉलेजची फी किती, हे एकदा तरी बघितले आहे?

मोडकी घरे आणि पळून गेलेले घरमालक

"सरकारी विद्यापीठांत आता राहिलेय काय?" असेही म्हणतात. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणारा शिक्षक एका गावाहून दुसऱ्या गावाला धावतो आहे, होस्टेल अपुरी आहेत. सगळे खरे. पण जिल्हा परिषदेच्या शाळा कशा खचल्या, ते आठवा. गावातला पाटील आधी गेला, मग मास्तर, मग आपला नोकरदारही आपली पोरं घेऊन इंग्रजी शाळेत गेला. मागे राहिला तो शेतमजूर, ज्याचे तहसीलदार ऐकत नाही. आता तेच विद्यापीठांचे होते आहे. आणि यावेळी आपल्यातला शिकलेला वर्ग पळणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत आहे.

जातीयवाद तर दोन्हीकडे आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला, नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी, सरकारी संस्थांनीही आपली लेकरे गिळली आहेत. पण ही नावे देशाला कळली कशी? हैदराबादमध्ये आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन उभी होती म्हणून. दोन्ही माता २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांच्यामागे देशभरचे संघटित विद्यार्थी होते म्हणून. फेब्रुवारी २०१८ मध्ये फी माफी काढून घेतली तेव्हा मुंबईच्या टिसमधले विद्यार्थी संपावर बसले. संप करायला संख्या लागते, आणि संख्या येते ती राखीव जागांमधून. ज्या वर्गात साठ मुलांत आपला एकच मुलगा आहे आणि त्याच्या बापाने १६ लाख भरले आहेत, तो तक्रार कोणाकडे करणार? तो गप्प बसतो. आडनाव विचारले की विषय बदलतो.

खरे नुकसान इथे आहे

सुरुवातीला म्हटले होते की सर्वात मोठे नुकसान पैशाचे नाही. ते हे. हप्ता सुरू झालेला तरुण स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षे देऊ शकत नाही. वकिलीची सनद घेऊन सुरुवातीची कोरडी वर्षे काढू शकत नाही. पीएच.डी. करू शकत नाही. कंपनीत जातीवरून टोमणा मारणाऱ्या मॅनेजरला उलट उत्तर देऊ शकत नाही, कारण पाच तारखेला हप्ता कापला जायचा असतो. गावात अत्याचार झाला तर रजा टाकून मोर्चाला येऊ शकत नाही, फेसबुकवर दोन ओळी लिहायलाही घाबरतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण दरवर्षी १४ एप्रिलला म्हणतो. कर्ज काढून पहिला शब्द विकत घेतला आणि त्या कर्जाने पुढचे दोन्ही शब्द गहाण पडले, तर हा सौदा कोणाच्या फायद्याचा? ज्यांना आपण शिकलेले पण गप्प हवे आहोत, त्यांच्या!

मग करायचे काय?

खाजगी विद्यापीठाच्या दारात पाऊलच ठेवू नका, असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्ती पूर्ण असेल तर बिनधास्त जा. तो उपकार नाही, हक्क आहे. केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ती ठरावीक नामांकित संस्थांत मिळते, खाजगी संस्था असेल तर फीसाठी वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिथे भांडून, रांगेत उभे राहून जागा मिळवा.

पण सही करण्याआधी चार गोष्टी तपासा. एक, महाडीबीटी पोर्टलवर त्याच संस्थेचे आणि त्याच कोर्सचे नाव शिष्यवृत्तीसाठी दिसते का? "मिळेल, बघू" हे काउन्सेलरचे तोंडी उत्तर चालणार नाही, लेखी घ्या. दोन, प्रवेश कॅपमधून आहे की मॅनेजमेंट कोट्यातून? मॅनेजमेंट कोट्यावर शिष्यवृत्ती मिळत नाही. तीन, व्याजासह महिन्याचा हप्ता किती आणि त्या कोर्सचा मध्यक पगार महिन्याला किती? हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या पुढे जात असेल तर उठून या. चार, शासकीय किंवा संलग्न कॉलेजात त्याच शाखेची जागा खरोखर मिळत नव्हती, की फॉर्ममध्ये पर्यायच भरले नव्हते?

हा चौथा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. कितीतरी मुले गुणांअभावी नाही, कागदाअभावी खाजगी विद्यापीठात जातात. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही, उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, पर्याय भरण्याची तारीख हुकली. मग राखीव जागा सुटते आणि एजंट घरी येतो. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे उडतात, तेवढ्यात तालुक्याच्या विहारात मे ते ऑगस्ट एक प्रवेश केंद्र चालू शकते. एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि मागच्या वर्षी हीच प्रक्रिया पार केलेली दोन मुले. अकरावी-बारावीतच वैधता प्रमाणपत्राचा अर्ज करून घ्या. "आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणणाऱ्या कॉलेजात त्या मुलासोबत चौघे जण जा. एकट्या बापाला दटावणारा क्लार्क चौघांना खुर्ची देतो.

आणि नोकरदार बांधवांनो, तुम्हाला परवडते म्हणून तुम्ही भराल, तो तुमचा अधिकार. पण गप्प भरू नका. स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठांत शिष्यवृत्ती लागू करा, कलम १५(५) खाली देशभराचा कायदा करा, सार्वजनिक विद्यापीठांतली रिक्त पदे भरा, या तीन मागण्या आमदार-खासदाराच्या टेबलावर सहीनिशी ठेवा. मत मागायला तो आपल्या विहारात येतो, तेव्हा हाराआधी हा कागद त्याच्या हातात द्या.

आपल्या आजोबांनी जमीन नसताना पोरं शिकवली, कारण दार उघडे होते. आज दारावर फीचा फलक लागला आहे. घर विकून तो फलक ओलांडणारा एकटा आत जातो, बाकीचे बाहेरच राहतात. फलक उतरवायचा असेल तर सगळ्यांनी मिळून दाराशीच भांडावे लागेल.

जय भीम! जय संविधान!